व्हॅलेन्सियाच्या तबेल्यातला ताप

घोड्यांच्या स्पर्धेतली दुखापत म्हटली की अडथळ्यावर अडखळून कोसळणारा घोडाच डोळ्यांपुढे येतो. तसं घडतंही, आणि कॅमेरे नेमके तिथेच रोखलेले असतात. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शो जंपिंगच्या स्पर्धा चालू असताना जे झालं, त्याचा उडीशी काही संबंध नव्हता. मुक्कामाच्या तबेल्यात घोड्यांना ताप यायला लागला. मग काहींचे मागचे पाय लटपटू लागले, शेपटी लुळी पडली, लघवी नकळत गळू लागली. काहींना तर पोटाखालून पट्टे घालून उभं धरावं लागलं. युरोपभर पसरलेल्या या साथीत १८ घोडे दगावले. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने युरोपातल्या दहा देशांमधल्या स्पर्धा थांबवल्या आणि गोथेनबर्गला होणारी विश्वचषकाची अंतिम फेरीही रद्द झाली.

कारण होतं इक्वाइन हर्पिसव्हायरस-१. तापात माणसाच्या ओठांवर पुळ्या उठवणाऱ्या विषाणूचा हा भाऊबंद. बहुतेक घोड्यांना शिंगरू असतानाच त्याची लागण होते, सर्दी होऊन जाते, पण विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जापेशींत आणि लसिकाग्रंथींत गप्प बसून राहतो. ताण आला की पुन्हा जागा होऊन नाकावाटे बाहेर पडू लागतो.

आणि स्पर्धा म्हणजे ताणाचीच मालिका. ट्रकमधला लांबचा प्रवास, त्यात मान वर बांधलेली, परका तबेला, शेजारी अनोळखी घोडा, बदललेलं खाणं. एकाच्या नाकातला शेंबूड दुसऱ्याकडे जायला जाळीआडून हुंगणं पुरतं. ते नसलं तर सामायिक बादली आहे, लगाम आहे, एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जाणारे मोतद्दाराचे हात आहेत.

या विषाणूचा घाला पडतो तो रक्तवाहिन्यांवर. त्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, बारीक गुठळ्या होतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हे मज्जारज्जूत झालं तर पाय जातात. गाभण घोडीच्या गर्भाशयात झालं तर गर्भ पडतो. घोडे पैदास करणाऱ्यांना हा विषाणू फार करून या गर्भपातांमुळेच माहीत असतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आपल्याकडे लस तयार केली तीही गर्भपात टाळण्यासाठी. मज्जारज्जूचा आजार खात्रीने रोखणारी लस अजून कुठेच नाही.

आता प्रश्न असा, की स्पर्धांमध्ये किती घोडे आजारी पडतात हे मोजायचं कसं? मैदानावरच्या पशुवैद्याच्या वहीत पडझड येते, लंगडणं येतं, जखम येते. पण या विषाणूची लागण झाल्यावर ताप यायलाच दोन ते दहा दिवस जाऊ शकतात, आणि पाय लटपटतात ते त्यानंतर. तोवर स्पर्धा संपून घोडा घरी पोहोचलेला असतो. २०११ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या ऑग्डेन इथे अशीच एक स्पर्धा झाली. घोडे आपापल्या गावी गेले आणि मग दहा राज्यांमधून ९० रुग्ण नक्की झाले. त्यांतल्या ३३ घोड्यांच्या मज्जासंस्थेला इजा झाली होती, १३ घोडे गेले. नुसती स्पर्धेच्या ठिकाणची वही पाहिली असती, तर यातलं फारच थोडं दिसलं असतं.

पोटाच्या व्रणांचंही तेच. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असतं, कारण हा प्राणी दिवसभर चरण्यासाठी घडलेला आहे. स्पर्धेत त्याला ठरल्या वेळी दाणा मिळतो, मधले तास पोट रिकामं. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शन-स्पर्धांमधल्या ५० घोड्यांची जठरं दुर्बिणीने पाहिली, तेव्हा ५८ टक्क्यांमध्ये व्रण सापडले. यातला एकही व्रण बाहेरून दिसणारा नाही. म्हणून एखाद्या स्पर्धेत ‘आजाराचं प्रमाण नगण्य’ असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, मोजलं कधी आणि कशाने?

व्हॅलेन्सियानंतर महासंघाने जो उपाय नेटाने लावून धरला तो अगदी साधा आहे: थर्मामीटर. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस. त्याच्या वर गेलं की घोडा वेगळा काढायचा आणि नाकातला नमुना तपासायला पाठवायचा. अट एकच, मोजण्याआधी वेदनाशामक दिलेलं नको, कारण त्याने ताप दबतो.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत दूरदूरच्या राज्यांतून ट्रकने घोडे येतात आणि दावणीला शेजारी-शेजारी उभे राहतात. तिथे किंवा कुठल्याही स्पर्धेला जाऊन आलेला घोडा दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून लांब बांधावा, त्याची बादली आणि खरारा वेगळा ठेवावा, सकाळ-संध्याकाळ ताप बघून लिहून ठेवावा. पागेत गाभण घोडी असेल तर यात अजिबात सूट नको.