जास्वंदीवरचा कापूस

जास्वंदीच्या शेंड्यात कापसाचा बोळा अडकल्यासारखा दिसला की अनेक जण त्याला बुरशी समजतात आणि बुरशीनाशक मारून मोकळे होतात. त्याने काही फरक पडत नाही, कारण ती बुरशी नाही, पिठ्या ढेकूण आहे. काडीने तो कापूस दाबून पाहा. आतून गुलाबी अंग आणि रस दिसला, तर निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार ज्याला मिलीबग म्हणून शिव्या घालतात, बहुधा तोच हा. रस शोषताना तो विषारी लाळ सोडतो, म्हणून शेंडा बोकडतो आणि पानं गुच्छासारखी आखडतात.

मादी जेमतेम 3 मिलिमीटरची, पण मेणचट कापसाच्या पिशवीत कित्येकशे अंडी घालते. ती साधारण 6 ते 9 दिवसांत फुटतात. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. पहिल्या फवारणीत वरवरची कीड मरते, पिशवीतली अंडी मात्र तशीच राहतात, आणि आठवड्याने ‘कीड परत आली’ अशी ओरड होते. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं पिवळसर-गुलाबी, अंगावर मेण नसलेली असतात. तीच मारायला सर्वांत सोपी, म्हणून फवारणी दर 7 दिवसांनी, निदान तीनदा करायची.

आधी फार बरबटलेले शेंडे कापून पिशवीत बांधून फेका. कुंडीतच टाकू नका. उरलेल्या बोळ्यांवर, विशेषतः पानांच्या बेचक्यांत, सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस टेकवा. स्पिरिट मेण विरघळवतं. तुळशीवर करत असाल तर वृंदावनातला दिवा आधी विझवा, स्पिरिट भडकन पेट घेतं.

मग फवारणी. 5 मिलि सौम्य द्रव साबण थोड्या कोमट पाण्यात ढवळा, त्यात 5 मिलि निंबोळी तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा आणि पाणी घालून 1 लिटर करा. तेल आधी पाण्यात आणि साबण नंतर, असं केलंत तर तवंग येतो आणि जिथे तेल साचतं तिथे पान करपतं. कपड्यांची पावडर नको. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फाटतो, फेस येत नाही आणि कीडही मरत नाही. अशा वेळी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. पहिल्यांदा एकाच पानावर मारून दिवसभर थांबा. फवारा संध्याकाळी, पानांच्या खालून, पार ओलं होईपर्यंत मारा. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात दुपारी मारलेली फवारणी किडीपेक्षा झाडालाच जास्त भोवते. द्रावण त्याच दिवशी संपवा.

एवढं करूनही कीड हटत नसेल तर मुंग्यांकडे पाहा. पिठ्या ढेकूण गोड चिकटा टाकतो, मुंग्या तो खातात आणि त्या बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात. चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते ती वेगळीच. पाणी भरलेल्या ताटलीत वीट ठेवून तिच्यावर कुंडी ठेवा. फांद्या भिंतीला किंवा ग्रीलला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्यांना तिथून पूल मिळतो.

पांढऱ्या झालरीची, पिठ्या ढेकणाहून चांगलीच मोठी आणि भराभर चालणारी अळी दिसली तर तिला चिरडू नका. ती क्रिप्टोलेमस या मित्रकीटकाची अळी असते. हा ऑस्ट्रेलियाचा ढालकिडा, पाठ काळी आणि डोकं नारिंगी. 1898 मध्ये तो भारतात आणला गेला आणि द्राक्षबागांतही याच कामासाठी सोडतात. वेश बदललेल्या शिपायासारखी ही अळी कळपात शिरून ढेकूण खाते. ती असेल त्या फांदीवर साबण मारायचा नाही.

तुळस, कढीपत्ता यांना झाडाच्या रसात भिनणारं कीटकनाशक अजिबात देऊ नका. ते पानातच राहतं आणि पान आपल्या ताटात येतं.