ताण की जोडणी? पेशी गुणसूत्रे विलग करण्याचा क्षण कसा ठरवते

सूत्री विभाजनाच्या अवस्थांचे वर्णन 1880च्या दशकातच झाले होते, पण पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रांच्या जुळ्या प्रती विलग होण्याची अवस्था, केव्हा सुरू करायची हे पेशी कसे ठरवते, ते कळायला 1991 उजाडावे लागले. त्या वर्षी यीस्टमध्ये मॅड आणि बब ही जनुके हाती लागली. ती बिघडली की तर्कू (गुणसूत्रांना पेशीच्या दोन ध्रुवांकडे ओढणाऱ्या तंतूंची रचना) मोडलेला असतानाही पेशी थांबत नाही, विभाजन पुढे रेटते आणि मरते.

बाकीची साखळी पुढच्या दहाएक वर्षांत जुळली. अर्धगुणसूत्रांना, म्हणजे गुणसूत्राच्या जुळ्या प्रतींना, बांधून ठेवणारे कोहेसिन हे प्रथिन सेपरेज हे एन्झाइम कापते, सेपरेजला सेक्युरिन हे प्रथिन रोखून धरते आणि सेक्युरिन नष्ट करवते ते एपीसी हे प्रथिनसंकुल. एकही कायनेटोकोर (गुणसूत्रावरची, तर्कूचे तंतू जिथे जोडले जातात ती जागा) मोकळा असला, तर मॅड जनुकांपैकी एकापासून बनणारे मॅड2 हे प्रथिन एपीसीच्या सीडीसी20 या साथीदाराला अडकवते. सारे काही जागच्या जागी थांबते.

वाद झाला तो पेशी नेमके काय तपासते यावर: तंतू जोडला गेला आहे का, की दोन्ही ध्रुवांकडून ताण बसला आहे? 1995मधले दोन प्रयोग दोन दिशांना बोट दाखवतात. प्रार्थना कीटकाच्या शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशीत जोडीदाराविना राहिलेले लिंगगुणसूत्र बारीक सुईने ओढून धरले आणि रखडलेली पश्चावस्था सुरू झाली. म्हणजे ताण पुरला. पण ते अर्धसूत्री विभाजन, म्हणजे प्रजननपेशी बनवणारे वेगळे विभाजन, होते, आणि हा फरक नंतर फार सहज विसरला गेला. दुसऱ्या प्रयोगात पोटोरू या शिशुधानी प्राण्याच्या पेशीतला शेवटचा मोकळा कायनेटोकोर लेसरने नष्ट केला. त्या गुणसूत्रावर दुतर्फा ताण नव्हताच, तरी पेशी पुढे गेली. माझ्या मते या दोहोंतला निर्णायक प्रयोग हाच.

ऑरोरा बी या एन्झाइमने दोन्ही निरीक्षणांची सांगड घातली. ताण नसलेली जोडणी ते सैल करते. कायनेटोकोर पुन्हा मोकळा होतो आणि थांबण्याचा संदेश तिथूनच निघतो. तरीही ताणाचा आग्रह बरीच वर्षे टिकला. 2015मध्ये मानवी पेशींत हेक1 हे प्रथिन बदलून तंतू घट्ट धरून ठेवले, तेव्हा ताण नसतानाही संदेश बंद झाला. त्याच वर्षी असेही दिसले की संदेश सुरू करणारे एमपीएस1 हे एन्झाइम आणि तंतूंची टोके कायनेटोकोरवरच्या एकाच संकुलासाठी स्पर्धा करतात. तंतू बसले की एमपीएस1ला तिथे थारा उरत नाही.