इंटरनेटचा घरगुती वापर

घर चालवताना करावी लागणारी कामे इंटरनेटच्या आधाराने उरकण्याची रीत. सामान भरणे, बिले भागवणे, तिकिटे काढणे, बिघडलेली वस्तू दुरुस्त करणे, कुठे काय चांगले मिळते याची चौकशी करणे ही सगळी कामे तिच्यात येतात. ऑनलाइन खरेदी हा तिचा सर्वांत ठळक भाग. पण खरेदीचे बटण दाबायला क्षणभर पुरतो. त्याआधीचे शोधणे-पडताळणे आणि नंतरचे वाट पाहणे, परत पाठवणे, तक्रार करणे यांचा पसारा मोठा असतो. या नोंदीचा भर त्या पसाऱ्यावर आहे.

पूर्वपीठिका

दुकानात न जाता माल मागवणे ही इंटरनेटची देणगी नव्हे. अमेरिकेत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये टपालाने माल पाठवण्याचा धंदा सुरू केला आणि वस्तू व किमतींची यादी छापून खेड्यांतल्या गिऱ्हाइकांना धाडली. माल पसंत पडला नाही तर पैसे परत, अशी हमीही त्यांनी थोड्याच वर्षांत दिली. न पाहिलेल्या वस्तूसाठी अनोळखी माणसाला पैसे कोण देणार, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता आणि त्याचे उत्तरही तेव्हाच सापडले होते. आजची रिटर्न पॉलिसी ही त्याच हमीची नात.

तारेवरून खरेदीचा पहिला प्रयोग इंग्लंडमधला. १९७९ मध्ये मायकेल ऑल्ड्रिच यांनी घरगुती टीव्ही टेलिफोनच्या तारेने व्यवहार नोंदवणाऱ्या संगणकाला जोडून दाखवला. १९८४ मध्ये गेट्सहेड येथे, बाहेर पडणे अवघड झालेल्या वृद्धांसाठी ही सोय करून देण्यात आली. ७२ वर्षांच्या एका आजींनी खुर्चीत बसून टीव्हीच्या रिमोटने टेस्को या दुकानाकडे किराणा नोंदवला आणि तो घरपोच आला. पुढे घाईतल्या नोकरदारांचे साधन म्हणून जिची जाहिरात झाली, ती सोय गेट्सहेडमध्ये मात्र पाय साथ देत नसलेल्या माणसांसाठी निघाली होती.

फ्रान्सने याहून मोठी उडी घेतली. तिथल्या टेलिफोन खात्याने १९८२ पासून देशभर मिनिटेल हे टेलिफोनच्या तारेला जोडायचे, पडदा आणि कळफलक असलेले छोटे यंत्र घरोघरी दिले, तेही फुकट. कारण साधे होते: जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी छापत बसायला नको. लोकांनी मात्र त्यावरून रेल्वेची तिकिटे काढली, बँकेतली शिल्लक पाहिली, कपडे मागवले. ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली, म्हणजे वेब आल्यावरही ती दोन दशके तग धरून होती.

कार्ट आणि चिठ्ठी

वेबची मूळ रचना विसरभोळी. एक पान मागितले, सर्व्हरने म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकाने दिले, संबंध संपला. पुढचे पान मागणारा तोच माणूस आहे की दुसरा, हे सर्व्हरला कळायचे नाही. वाचायला हे ठीक आहे, दुकान चालवायला नाही. दोन वस्तू निवडून गिऱ्हाईक तिसरी पाहायला वळले की पहिल्या दोन कोणी निवडल्या याचा पत्ताच लागेना. १९९४ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतले लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवायची आणि दर खेपेला ती वाचून माणूस ओळखायचा. हीच कुकी. पुढे याच चिठ्ठीवरून कोण कुठे फिरतो याचा माग काढून जाहिराती दाखवणे सुरू झाले. पिशवी धरायला ठेवलेला पोरगा मागोमाग घरापर्यंत यावा, तसा हा प्रकार.

त्याच सुमारास नेटस्केपने कार्डाचा क्रमांक वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून एसएसएल ही सांकेतिक पद्धत तयार केली. ११ ऑगस्ट १९९४ रोजी नेटमार्केट या संकेतस्थळावर गाण्यांची एक सीडी विकली गेली आणि कार्डाचा क्रमांक दुसऱ्या एका पद्धतीने सांकेतिक रूपात गेला. वेबवरची पहिली सुरक्षित खरेदी म्हणून ती सांगितली जाते. १९९५ च्या जुलैत ॲमेझॉनने पुस्तके विकायला सुरुवात केली, सप्टेंबरात ईबेचा लिलाव सुरू झाला.

पडद्याच्या कोपऱ्यातले कार्टचे चिन्ह खऱ्या ढकलगाडीवरून घेतलेले आहे. ती गाडी १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी आणली. तिची गरज पडली, कारण त्याआधी १९१६ मध्ये मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी पिगली विगली नावाचे दुकान उघडून गिऱ्हाइकाला थेट फडताळांपर्यंत जाऊ दिले होते. तोवर गिऱ्हाइकाने सांगायचे आणि नोकराने काढून द्यायचे अशी रीत होती. ऑनलाइन किराण्यात ही रीत उलटी फिरून परत आली: सामान काढून पिशवीत भरण्याचे काम पुन्हा नोकराकडे गेले. मात्र त्याच दुकानातली दुसरी कामे गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडली. पत्ता लिहिणे, माप ताडून पाहणे, मालाची माहिती वाचून काढणे, बिल तपासणे ही ती कामे. इंटरनेटने घरकाम वाचवले असे सरसकट म्हणता येत नाही ते यामुळे. पायांचे काम डोळ्यांकडे आणि बोटांकडे आले.

नाव ठाऊक असावे लागते

घरातला नळ गळू लागला आहे असे समजू. दुकानात जायचे तर काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून न्यायचा, काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचे, “असा द्या.” दुकानदार तो अंगठ्याने चाचपतो आणि मागच्या खणातून तसाच काढून देतो. त्या भागाला काय म्हणतात हे दोघांपैकी कोणी उच्चारतही नाही.

ऑनलाइन शोधात हा मुका व्यवहार चालत नाही. रिकाम्या चौकोनात काहीतरी नाव लिहावेच लागते. ‘नळाचे रबर’ एवढेच लिहिले तर बागेच्या पाइपापासून कुकरच्या रिंगेपर्यंत काहीही समोर येते. मग माणूस दुरुस्तीचे व्हिडिओ पाहू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या व्हिडिओत कळते, की बंद करायला दोन-तीन फेरे लागतात तो वॉशरचा नळ आणि पाव फेऱ्यात बंद होतो तो बहुधा सिरॅमिक चकत्यांच्या कार्ट्रिजचा. दोन्हींचे सुटे भाग वेगळे. आता नाव सापडले, पण माप राहिले. आट्यांवर पट्टी धरली की सुमारे २१ मिलिमीटर भरतात. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर, तेव्हा त्याच्याच जवळचे म्हणून माणूस पाऊण इंची भाग मागवतो. तो बसत नाही. नळजोडणीत ‘अर्धा इंच’ हे नुसते नावाचे माप असते. त्या आट्यांचा बाहेरचा व्यास मुळातच २१ मिलिमीटरच्या आसपास असतो. प्लंबरला हे हातानेच कळते. घरच्या माणसाला ते कळायला एक चुकलेली ऑर्डर खर्ची पडते.

छायाचित्र दाखवून शोधण्याची आणि बोलून लिहिण्याची सोय आल्यापासून ही अडचण कमी झाली आहे, गेलेली नाही. दुसरीकडे याच शोधामुळे एरवी फेकून दिल्या असत्या अशा वस्तू दुरुस्त होतात. मिक्सरचे एखादे बटण किंवा वॉशिंग मशीनच्या दाराचे रबर यांचे मॉडेल क्रमांकावरून शोधता येणे, हा खरेदीपेक्षाही मोठा लाभ मानायला हरकत नाही.

विश्वास

विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक, घेणाऱ्याला नाहीत. या असमान माहितीमुळे बाजारात चांगला मालच मागे पडतो, असे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन मांडले; त्या विचारासाठी २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ऑनलाइन खरेदीत वस्तूही समोर नसते आणि विक्रेताही. ईबेने १९९६ मध्ये घेणाऱ्या-विकणाऱ्यांना एकमेकांबद्दल शेरा लिहायची सोय दिली, आणि ताऱ्यांची व अभिप्रायांची आजची व्यवस्था त्याच वाटेने आली. चीनमध्ये २००४ साली निघालेल्या अलिपे या पैसे चुकते करण्याच्या सेवेने वेगळा उपाय केला: पैसे मधल्यामध्ये थांबवून ठेवायचे आणि माल मिळाल्याची पोच आली की विक्रेत्याला द्यायचे. माल हातात आल्यावर पैसे देणे हे याच भीतीवरचे जुने आणि रोकडे औषध.

तारे वाचण्यातही मेख आहे. फार खूश झालेले आणि फार चिडलेले लोक लिहितात. ज्यांचे ‘बरे आहे’ एवढेच म्हणणे असते ते लिहायच्या भानगडीत पडत नाहीत. त्यामुळे पाच तारे खूप, एक तारा थोडे आणि मधले सर्वांत कमी, असे चित्र वारंवार दिसते. सरावलेले गिऱ्हाईक सरासरीकडे न बघता दोन-तीन तारेवाले अभिप्राय आधी वाचते, कारण वस्तू नेमकी कुठे कमी पडते ते तिथे सापडते. विकत घेतलेले खोटे अभिप्राय हा तर वेगळाच धंदा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्यांच्यावर बंदीचा नियम केला.

कुलपाच्या चिन्हाबद्दलही मोठा गैरसमज आहे. पत्त्याशेजारचे कुलूप एवढेच सांगते, की तुमचा ब्राउझर आणि ते संकेतस्थळ यांच्यातले बोलणे तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा प्रामाणिक आहे असे ते सांगत नाही. ठगही कुलूप लावूनच बसतो. हा गोंधळ इतका पसरला, की गूगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढून टाकले. पैसे मिळणार आहेत म्हणून पिन टाका किंवा ओटीपी सांगा, असे कोणी म्हणत असेल तर तो ठग समजावा. गुप्त आकडे लागतात ते खात्यातून पैसे जायला.

फसवी मांडणी

लबाडी दरवेळी चोरच करतो असे नाही; पुष्कळदा ती पानाच्या मांडणीत असते. आधीच टिक केलेला विम्याचा चौकोन, उलटे पळणारे घड्याळ, ‘शेवटची एकच शिल्लक’, आणि एका बोटाने सुरू होणारी पण बंद करायला पाच पाने ओलांडावी लागणारी वर्गणी. अशा क्लृप्त्यांना डिझाइनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये डार्क पॅटर्न हे नाव दिले. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशाने आधीच टिक केलेल्या चौकोनातून जादा पैसे उकळण्याला मनाई केली आणि दुरून केलेल्या बहुतेक खरेद्या १४ दिवसांत कारण न देता रद्द करण्याचा हक्क दिला. भारताच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत.

गिऱ्हाईकही काही कमी नाही. कार्ट भरलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक ती तशीच सोडून निघून जातात. डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर दिसल्याने चिडून जाणारे त्यात असतात, तसे नुसते बघायला आलेलेही असतात. कित्येकांना कार्ट ही खरेदीची जागा वाटतच नाही. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून वस्तू ठेवायचा तो कोनाडा असतो. एकच सदरा तीन मापांत मागवून दोन परत पाठवणे हीसुद्धा रूढ गोष्ट झाली आहे. ट्रायल रूम घरी आली. तिचे भाडे विक्रेता किमतीत मिळवतो.

घरातली वाटणी

बिले, बँक, रांग टाळण्यासाठी घेतलेल्या वेळा, रस्ता दाखवणारे नकाशे, फोनवर सगळ्यांना दिसणारी सामानाची यादी ही कामे आता इतकी सवयीची आहेत, की त्यांना इंटरनेटचा वापर म्हणून कोणी मोजतही नाही. २०२० च्या कोविड साथीत दुकाने बंद झाल्यावर उरलेसुरलेही या वाटेला आले.

ही कामे करतो कोण, याकडे मात्र अभ्यासकांनी लक्ष दिले आहे. घरगुती यंत्रे आल्यावर कष्ट हलके झाले, पण गृहिणीचा वेळ तितकासा वाचला नाही. कपडे धुणे सोपे झाले तसे ते अधिक वेळा होऊ लागले, असे इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ मध्ये दाखवले होते. ऑनलाइन कामांनाही हे लागू पडते. एखाद्या वस्तूसाठी पूर्वी दोन दुकाने पालथी घातली जात. आता वीस पाने उघडली जातात, आणि ती रात्री, आडवे पडल्यावर. हे काम कोणाला दिसत नाही, त्यामुळे त्याचे श्रेयही कोणाच्या खाती पडत नाही.

बहुतेक घरांत एक माणूस या सगळ्याचा जाणकार ठरतो. संशोधक मारिया बाकार्जिएवा यांनी अशा माणसाला, शब्दशः सांगायचे तर, ‘उबदार तज्ज्ञ’ म्हटले: तंत्र जाणणारा आणि शिकणाऱ्याचे घर, स्वभाव, अडचण जाणणाराही. परगावी राहणारी मुलगी फोनवरून वडिलांचे बिल भरते तेव्हा हेच चाललेले असते. “बाबा, ओटीपी आला का?” “थांब, चष्मा कुठंय... आला. चार, शून्य, सात...” “भरभर सांगा, वेळ संपेल.” वेळ संपतो, दुसरा ओटीपी मागवला जातो, आणि पहिल्याचेच आकडे पुन्हा वाचले जातात. बँकेच्या नियमाने पाहिले तर ओटीपी कोणालाच सांगायचा नसतो. म्हातारपणी ज्याला दुसऱ्याकडून व्यवहार करून घ्यावे लागतात त्याची अडचण या नियमाने सुटत नाही.

सगळे एकाच्या हाती असण्याचा तोटा तो माणूस आजारी पडला किंवा गेला की कळतो. बिलांची खाती, वर्गण्या, हप्ते सारे त्याच्या फोनमागे बंद होतात, आणि बँकेतून पैसे मात्र दरमहा आपोआप जात राहतात. आपल्यामागे खाते कोणाच्या हाती जावे हे आधीच ठरवून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ मध्ये आणि ॲपलने २०२१ मध्ये दिली. ती त्या त्या कंपनीच्या खात्यापुरती. विजेचे बिल कोणत्या ईमेलला जोडले आहे, हे अनेक घरांत अजूनही हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले असते.