क्रॉन असा का वागतो? सातव्या युनिक्सपासून सिस्टमडी टायमरपर्यंत

टर्मिनलमध्ये बिनचूक चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकली की मुकी का होते, याचं उत्तर अनेकदा क्रॉनच्या इतिहासात सापडतं. १९७९ साली बेल लॅब्जने युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमची सातवी आवृत्ती दिली. त्यातला क्रॉन दर मिनिटाला जागा होऊन एकच सामायिक क्रॉनटॅब (कामांच्या वेळापत्रकाची फाइल) वाचायचा. मिनिट, तास, तारीख, महिना, वार आणि शेवटी आज्ञा, ही मांडणी तेव्हाचीच.

टक्क्याच्या चिन्हाचा घोळही तेव्हाचाच. आज्ञेत पहिलं % आलं की क्रॉन तिथे ओळ संपली असं समजतो आणि पुढचा मजकूर त्या आज्ञेला इनपुट म्हणून देतो. बॅकअप फाइलच्या नावात तारीख घालायला ‘डेट’ ही आज्ञा वापरली, की तिच्या मांडणीतल्या % मुळे ओळ मध्येच तुटते ती यामुळे. प्रत्येक % आधी बॅकस्लॅश द्यावा. त्याहून बरं म्हणजे सगळी ओळ स्क्रिप्टमध्ये हलवावी.

लिनक्सवर रुळला तो पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन. सर्वाधिक तक्रारी येतात त्या त्याच्या तुटपुंज्या एन्व्हायर्नमेंटमुळे, म्हणजे आज्ञेला मिळणाऱ्या सेटिंग्जमुळे. तुमची बॅशआरसी फाइल (बॅश शेलची तुमची सेटिंग्ज) तो वाचत नाही. पाथमध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, साधारण ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढंच असतं, आणि शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) असतो ‘/बिन/एसएच’. डेबियन-उबुंटूवर हा शेल म्हणजे डॅश. बॅशचे दुहेरी चौकटी कंस त्याला कळत नाहीत. म्हणून आज्ञांचे पूर्ण पाथ (फोल्डरसकट नाव) लिहावेत, क्रॉनटॅबच्या डोक्यावर शेल आणि पाथ स्पष्ट नेमावेत. चुकांचे संदेश क्रॉन मेलने पाठवतो. मशीनवर मेलची व्यवस्था नसेल तर ते वाया जातात. आउटपुट आणि एरर दोन्ही लॉग फाइलकडे वळवल्याशिवाय तपास सुरूच करू नये.

तारीख आणि वार दोन्ही भरले तर ‘किंवा’ लागू होतो, ‘आणि’ नव्हे. ‘३० ४ १,१५ * ५’ ही ओळ १ आणि १५ तारखेला चालते, शिवाय दर शुक्रवारी. वेळेतही असाच घोळ होतो. भाड्याचा सर्व्हर अनेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो. तिथे पहाटे २ लिहिलं तर काम भारतीय वेळेनुसार सकाळी ७:३० ला होतं. टाइमझोन बदलल्यावर क्रॉन रीस्टार्ट करावा लागतो, नाहीतर तो जुन्याच वेळेवर चालत राहतो.

हा सगळा आराखडा अहोरात्र चालू असणाऱ्या मशीनसाठी होता. रात्री बंद होणाऱ्या लॅपटॉपवर पहाटेचं काम हुकतं ते हुकतंच. त्यासाठी ॲनाक्रॉन आला: काम शेवटचं कधी झालं त्याची तारीख तो नोंदवून ठेवतो आणि राहिलेलं काम मशीन सुरू झाल्यावर उरकतो. मात्र त्याचं सर्वांत लहान माप एक दिवस. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००७ मध्ये व्हिक्सींच्या क्रॉनपासून क्रोनी वेगळा काढला आणि पुढे ॲनाक्रॉनही त्यातच सामावला.

सिस्टमडी ही लिनक्सवर सेवा चालवणारी व्यवस्था; तिच्या टायमरमध्ये हुकलेलं काम भरून काढायला ‘पर्सिस्टंट=ट्रू’ पुरतं, पण ते ‘ऑनकॅलेंडर’च्या, म्हणजे तारीख-घड्याळाने नेमलेल्या, वेळांनाच लागू होतं. प्रत्येक कामाचा लॉगही जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदवहीत) वेगळा पाहता येतो; नव्या कामासाठी टायमरच निवडावा, असं आमचं मत त्यामुळेच आहे. इथली नेहमीची चूक म्हणजे टायमरऐवजी सर्व्हिस (प्रत्यक्ष काम करणारी फाइल) एनेबल करणं. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’च्या यादीत पुढची वेळ दिसत नसेल, तर आधी तेवढं तपासावं. टायमर स्वतःच्या यूजरखाली असेल आणि लॉगआउट झाल्यावर थांबत असेल, तर त्या यूजरसाठी ‘लिंगर’ (लॉगआउटनंतरही त्याची कामं चालू ठेवणारी सोय) चालू करावं.