लायसन एकाचं, शिडीवर दुसरा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या इलेक्ट्रिक कंत्राटदारांच्या बोलण्यात 'लायसन' हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि नवख्याचा घोळ तिथेच होतो. एक लायसन विजेच्या कामाचं, दुसरं माणसं लावण्याचं. दोन्हींचे कायदे वेगळे, खाती वेगळी, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

विजेचं लायसन जुनं. 1910 च्या वीज कायद्याखाली 1956 साली नियम झाले. त्यातला 45 वा नियम या धंद्याचा पाया. ग्राहकाच्या जागेतलं काम तीन कागद जुळल्याशिवाय करायचं नाही: कंत्राटदाराकडे राज्य सरकारचं लायसन, देखरेखीला सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर, आणि तारेला हात लावणाऱ्याकडे परमिट. (सरकारी मराठीत हा तिसरा 'तारतंत्री'. नाक्यावर या नावानं हाक मारलीत तर एकही वायरमन वळून बघायचा नाही.) सूट फक्त दिवा, पंखा, फ्यूज, बटण अशा बदलांना, तीही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे एसीसाठी बोर्डापासून नवी लाइन ओढली की सूट संपली. कोपरखैरण्यातल्या किती घरांनी एसी लावताना परमिट बघायला मागितलं असेल?

दुसऱ्या लायसनची गोष्ट कारखान्यांची. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे हे तिचं पहिलं क्षेत्र. पुढे खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा भरत गेला. 1970 मध्ये नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, सिडको आली आणि त्याच वर्षी कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. त्यात मूळ मर्यादा 20 कामगारांची होती. तेवढे किंवा जास्त असतील तर कंत्राटदाराला कामगार खात्याचं लायसन लागायचं. हे खातं डोकी मोजतं, हजेरी आणि पगाराची रजिस्टरं बघतं. कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो मूळ मालकानं द्यायचा, हेही त्याच कायद्यात होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. पण ज्याला लावलाय त्याला फेज आणि न्यूट्रल कळतो का, हा प्रश्न त्या खात्याचा नव्हेच. परमिट वीज खात्याच्या फायलीत, माणूस कामगार खात्याच्या रजिस्टरात. कुणाला घ्यायचं ते ठरवणारा मात्र कंत्राटदार एकटाच. माझ्या मते खरी फट इथेच पडली.

2003 च्या कायद्यानं 1910 चा कायदा गेला. 2010 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, 2023 मध्ये तेही बदलले. तीन कागदांची साखळी मात्र तशीच राहिली.

मीटरच्या अलीकडची, म्हणजे पुरवठादाराची भरती निराळी. 2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं. तिथे आयटीआय झालेला मुलगा 'विद्युत सहायक' म्हणून लागतो, पहिली तीन वर्षं ठरलेल्या मानधनावर. कळवा-मुंब्रा-शीळ भागात 1 मार्च 2020 पासून हे काम फ्रँचायझी म्हणून टोरंटकडे गेलं. लाइनवरच्या माणसाला पगार देणारा बदलला. मीटरच्या पलीकडे, घरातल्या वायरिंगला, परमिट अजूनही राज्याचंच लागतं.