आयातशुल्क आणि देशांतर्गत उत्पादन : पुणे परिसर

परदेशातून येणाऱ्या मालावर सरकार जो कर घेते त्याला आयातशुल्क किंवा सीमाशुल्क म्हणतात. हे शुल्क वाढले, की तयार माल बाहेरून आणून विकणाऱ्या कंपनीचा हिशेब बदलतो. मग ती देशातच कारखाना काढण्याचा किंवा असलेला कारखाना वाढवण्याचा विचार करू लागते. घरगुती उपकरणे, मोटारी, दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल या वस्तूंच्या बाबतीत हे विशेष ठळकपणे घडते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव हा पुण्याभोवतीचा पट्टा या परिणामाच्या अभ्यासासाठी सोयीचा आहे, कारण शुल्कामुळे काय येते, काय येत नाही आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तिन्ही इथे शेजारी शेजारी पाहायला मिळते.

कारखानदाराच्या दृष्टीने तयार मालावरचा दर एकटा पाहून उपयोग नसतो. तयार माल आणि सुटे भाग यांच्या दरांत किती अंतर आहे, यावर सारे ठरते. समजा, एखादे यंत्र परदेशातून १०० रुपयांना पडते आणि त्याचे सगळे भाग ८० रुपयांना. यंत्रावर २० टक्के शुल्क आहे आणि भागांवर काहीच नाही. मग इथे जुळणी करणाऱ्याच्या २० रुपयांच्या कामाला २० रुपयांचाच आडोसा मिळतो. कागदावरचा दर २० टक्के असला, तरी जुळणीच्या कामाला मिळणारे संरक्षण १०० टक्के होते. भागांवरही २० टक्के बसवले, तर त्याला १६ रुपये भरावे लागतात आणि आडोसा ४ रुपयांवर येतो. कंपन्या आधी जुळणी का आणतात आणि भाग बनवायला का चालढकल करतात, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. भागांवरचा दर तयार मालाहून जास्त असेल, तर त्या स्थितीला उलटी शुल्करचना म्हणतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शाळा-कार्यालयांतील मोठ्या स्पर्शपटलांवरचे शुल्क १० वरून २० टक्के केले आणि त्यांच्या पॅनेलवरचे ५ टक्क्यांवर आणले, ते ही उलटी रचना सरळ करण्यासाठीच.

पूर्वपीठिका

देशी उद्योगाला संरक्षण हवे, हा विचार पुण्यात जुना आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. खुल्या व्यापाराचे इंग्लंडला लागू पडणारे नियम मागासलेल्या देशाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख लिस्ट यांच्या मतांशी ते जुळणारे होते. पण शुल्क ठरवण्याचा अधिकार परक्या सरकारच्या हाती होता. तेव्हा लोकांनी दुसरी वाट धरली. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने माणशी एक पैसा गोळा करणारा पैसाफंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. सीमेवर कोणतेही संरक्षण नसताना, लोकवर्गणीवर उभारलेला हा कारखाना कारागीर घडवणारी शाळाही होता. पुण्याच्या औद्योगिक इतिहासात त्याला याहून मोठे स्थान मिळायला हवे.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. उंच शुल्क आणि आयात परवाने या दोन भिंतींच्या आत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी वाढली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या वसाहतींना लोक एमआयडीसी म्हणू लागले. या काळाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे : स्पर्धा नसल्याने गिऱ्हाइकाला स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. मात्र याच काळात एक गोष्ट घडली आणि तिचा उपयोग आजही होतो. १९६६ पासून पिंपरीत उभ्या राहिलेल्या टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) कारखान्यात कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी साचे, डाय आणि यंत्रहत्यारे जागेवरच बनवण्याचा आग्रह धरला आणि शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणावर भर दिला. अशा कारखान्यांत तयार झालेल्या माणसांनी भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांमध्ये टूलरूम, प्रेसवर्क, मोल्डिंग आणि मशिनिंगचे छोटे व्यवसाय काढले. मोठ्या कंपनीला भाग पुरवणाऱ्या या लघुउद्योजकाला इथे व्हेंडर म्हणतात.

१९९०-९१ मध्ये भारतातील सर्वोच्च आयातशुल्क ३५५ टक्के होते. ते उतरत उतरत २००७-०८ पर्यंत बिगरशेती मालासाठी साधारणपणे १० टक्क्यांवर आले. २०१७ नंतर निवडक वस्तूंवर ते पुन्हा वाढू लागले. प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय हा दुसरा टप्पा आहे.

रांजणगाव

शिरूर तालुक्यात, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर असलेली रांजणगाव एमआयडीसी घरगुती उपकरणांसाठी ओळखली जाते. एलजी, व्हर्लपूल आणि हायर यांचे कारखाने इथे आहेत. हे तिन्ही शुल्कवाढीच्या आधीचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. फ्रिज म्हणजे बहुतांश पोकळ डबा. तो जहाजातून आणायचा तर भाडे हवेचेच भरावे लागते, म्हणून असा माल गिऱ्हाइकाच्या जवळ बनवणे मुळातच परवडते. त्यात पत्रा ठोकणारे आणि प्लॅस्टिकचे मोठे भाग ओतणारे व्हेंडर वाहनउद्योगामुळे आधीपासून होते. शुल्काने या पायावर मजले चढवले.

सप्टेंबर २०१८ मध्ये एअर कंडिशनर, घरगुती फ्रिज आणि १० किलोंपेक्षा लहान धुलाई यंत्रे यांवरचे शुल्क १० वरून २० टक्के झाले. त्याच वेळी कॉम्प्रेसरवरचे शुल्क ७.५ वरून १० टक्के करण्यात आले. २०२० मध्ये ते १२.५ आणि २०२१ मध्ये १५ टक्के झाले. आधी तयार माल, मग त्याचा सर्वांत महागडा भाग, अशा पायऱ्यांनी आडोसा वर चढवण्याचे हे धोरण होते. पण त्याला एक मोठे भगदाड होते. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी झालेल्या करारामुळे थायलंडहून येणाऱ्या एअर कंडिशनरवर शुल्कच लागत नव्हते. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये शीतक वायू भरलेल्या एअर कंडिशनरच्या आयातीवर बंदी आली. शुल्काने जे साधले नाही ते बंदीने साधले.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारने एअर कंडिशनर आणि एलईडी दिवे यांसाठी ६,२३८ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना, म्हणजे वाढीव उत्पादनावर कंपनीला पैसा देणारी योजना, मंजूर केली. नुसत्या जुळणीला या योजनेत पैसा नाही. कॉम्प्रेसर, मोटर, तांब्याच्या नळ्या, नियंत्रक पट्ट्या अशा भागांना आहे. वर मांडलेल्या गणितातील उणीव ओळखून आखलेली ही योजना त्या काळातील अधिक विचारी पावलांपैकी एक मानली पाहिजे. २०२२ मध्ये रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर झाला. त्याचा खर्च सुमारे ४९३ कोटी रुपये असून त्यातील सुमारे २०८ कोटी केंद्राचे आहेत. आयएफबी रेफ्रिजरेशन ही तिथली पहिली प्रमुख कंपनी.

चाकण

मोटारीच्या बाबतीत शुल्काची शिडी आणखी स्पष्ट दिसते. २०२५ पूर्वी तयार आयात गाडीवर किमतीनुसार ६० ते १०० टक्के शुल्क होते, सुट्या स्वरूपातील किटवर त्याहून बरेच कमी आणि वेगवेगळ्या भागांवर त्याहूनही कमी. त्यामुळे महागड्या गाड्याही किटच्या रूपाने आणून चाकणला जोडणे फायद्याचे ठरते. मर्सिडीज-बेंझने २०२२ मध्ये ईक्यूएस ही विजेवरची गाडी चाकणला जोडायला घेतली. इथे जोडलेली ईक्यूएस ५८० आली १ कोटी ५५ लाखांना, तर काही आठवडे आधी आयात स्वरूपात आलेली एएमजी ईक्यूएस ५३ होती २ कोटी ४५ लाखांची. दोन्ही नमुन्यांच्या ताकदीत फरक आहे, तरी किमतीतील दरीचा मोठा वाटा शुल्काचा आहे.

शिडीची पायरी कोणती, यावरूनच मोठा वाद उभा राहिला. स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाने जवळजवळ पूर्ण गाड्यांचे भाग वेगवेगळ्या खेपांत आणून ते सुटे भाग म्हणून दाखवले, त्यामुळे ३० ते ३५ टक्क्यांऐवजी ५ ते १५ टक्केच शुल्क भरले गेले, असा आरोप सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२४ च्या नोटिशीत केला. मागणी सुमारे १.४ अब्ज डॉलरची होती. कंपनीने आरोप अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. या प्रकरणातून धोरणकर्त्यांनी घ्यायचा बोध असा, की पायऱ्यांमधील अंतर जितके मोठे, तितका वर्गीकरणाचा तंटा अटळ. आणि तो अनेक वर्षे चालला, की गुंतवणूकदाराला पुढचा हिशेबच मांडता येत नाही.

न आलेले कारखाने

शुल्क लावले म्हणून कारखाना येतोच असे नाही. २०२३ मध्ये टेस्लाने विमाननगरमध्ये कार्यालयासाठी जागा भाड्याने घेतली, तेव्हा पुण्यात बरीच आशा निर्माण झाली होती. मार्च २०२४ मध्ये केंद्राने किमान ४,१५० कोटी रुपये गुंतवणाऱ्या कंपनीला वर्षाला ८,००० पर्यंत विजेच्या मोटारी १५ टक्के शुल्काने आणू देणारी योजना जाहीर केली. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत दालन उघडले, ते आयात केलेल्या गाड्यांचेच.

मोबाइलवर जुलै २०१७ मध्ये १० टक्के शुल्क बसले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते १५ आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये २० टक्के झाले. मोबाइलसाठीच्या २०२० च्या अशाच प्रोत्साहन योजनेची जोड मिळाल्यावर देशात जुळणीचे मोठे कारखाने उभे राहिले, पण तमिळनाडू, कर्नाटक आणि नोएडा परिसरात. फॉक्सकॉनने २०१५ मध्ये महाराष्ट्राशी ५ अब्ज डॉलर गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला होता; तो प्रत्यक्षात उतरला नाही. तळेगावसाठी बोलणी झालेला वेदान्त-फॉक्सकॉनचा अर्धवाहक (सेमीकंडक्टर चिप) प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला आणि जुलै २०२३ मध्ये ती भागीदारीही मोडली. आयातशुल्क सगळ्या देशाला एकच असते. कोणत्या राज्यात कारखाना निघेल हे जमीन, वीजदर, कामगारांची निवासव्यवस्था आणि राज्याच्या सवलती ठरवतात.

संगणकाच्या बाबतीत शुल्काचे हत्यारच हातात नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान कराराने त्यांवर शून्य शुल्काचे बंधन आहे. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपसाठी आयात परवान्याची अट घातली गेली. तिचे रूपांतर पुढे नोंदणी आणि देखरेखीच्या व्यवस्थेत झाले. मोबाइलवरील शुल्क भारताने संघटनेत स्वीकारलेल्या शून्य शुल्काच्या बंधनाशी विसंगत असल्याचा निर्णय संघटनेच्या लवाद मंडळांनी २०२३ मध्ये भारताविरुद्ध दिला.

किंमत कोण मोजतो

शुल्काची किंमत कोण मोजतो, याचे सर्वांत काटेकोर मोजमाप अमेरिकेत झाले आहे आणि त्यात रांजणगावच्या ओळखीची कंपनी आहे. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेने आयात धुलाई यंत्रांवर २० ते ५० टक्के शुल्क लावले. एलजीचा टेनेसी राज्यात आणि सॅमसंगचा साउथ कॅरोलायनात कारखाना सुरू झाला. अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा सुमारे १,८०० नोकऱ्या वाढल्याचे, यंत्रांच्या किमती जवळपास १२ टक्क्यांनी चढल्याचे आणि प्रत्येक नोकरीमागे ग्राहकांनी वर्षाला ८ लाखांहून अधिक डॉलर मोजल्याचे दिसले. कपडे वाळवण्याच्या यंत्रांवर शुल्क नव्हते. ती धुलाई यंत्राच्या जोडीने विकली जातात, म्हणून तीही महागली.

पुणे परिसरात हा भार लघुउद्योजकावर वेगळ्या वाटेने येतो. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षक शुल्क लागले. पोलाद कंपनीला ते हवे होते. पण भोसरीच्या प्रेसशॉपला पत्रा हाच कच्चा माल असतो, आणि मोठ्या गिऱ्हाइकाशी भाव वर्षाचा ठरलेला असेल, तर मधला फरक त्याच्याच खिशातून जातो. निर्यात करणाऱ्याला काही सुटका आहे : ईपीसीजी या निर्यातदारांसाठीच्या केंद्रीय योजनेत वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करण्याच्या हमीवर यंत्रसामग्री शुल्काविना आणता येते. देशांतर्गत भाग पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरला अशी सोय नाही, आणि धोरणातील हा अन्याय दूर व्हायला हवा.

दुसऱ्या देशाचे शुल्क

२०२५ मध्ये हेच हत्यार उलट दिशेने आले. अमेरिकेने ३ मेपासून वाहनांच्या भागांवर २५ टक्के शुल्क लावले, जूनमध्ये पोलाद आणि अॅल्युमिनियमवरचे ५० टक्के केले आणि २७ ऑगस्टपासून भारतातून जाणाऱ्या अनेक वस्तूंवरील एकूण जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेले. नोव्हेंबरमध्ये जड ट्रक आणि त्यांचे भागही २५ टक्क्यांच्या कक्षेत आले.  पुण्याच्या फोर्जिंग (धातू दाबून-ठोकून घडवणे) आणि मशिनिंग उद्योगासाठी अमेरिका मोठी बाजारपेठ आहे. मुंढव्याच्या भारत फोर्जने या शुल्कांच्या आधीच नॉर्थ कॅरोलायनात अॅल्युमिनियम फोर्जिंगचा कारखाना काढला होता. शुल्क चढल्यावर तिथल्या प्रत्येक यंत्राचे मोल वाढते. भोसरीच्या गाळ्यात चार सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्रांवर निर्यातीचे भाग बनवणाऱ्याला मात्र सागरापार कारखाना काढता येत नाही. भाव उतरवणे, दुसरे गिऱ्हाईक शोधणे किंवा रात्रपाळी बंद करणे, एवढेच पर्याय त्याच्याजवळ राहतात.