गण पाडणे

गण पाडणे : चरणातील (कवितेच्या ओळीतील) अक्षरांचे तिनाचे गट, म्हणजे गण, करून त्यांच्या लघु-गुरू क्रमावरून वृत्त (ओळीचा ठरलेला साचा) ओळखण्याची रीत. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाचे माप : लघूची मात्रा १, गुरूच्या २. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु. दीर्घ स्वराचे, तसेच अनुस्वार-विसर्गाचे अक्षर गुरू. जोडाक्षरामुळे आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात (उच्चाराचा जोर) आला तर तेही गुरू. 'तुझ्या'तल्या 'तु'वर आघात नाही, म्हणून तो लघूच राहतो. नवखा माणूस जोडाक्षर दिसले की डोळे झाकून गुरू मांडतो आणि गणित तिथेच फसते.

समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांतील चरण घेऊ : 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें'. अक्षरे १२, तिनाचे गट चार : मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावें. 'ज्ज'मुळे 'स' आणि 'क्ति'मुळे 'भ' गुरू झाला, तेव्हा प्रत्येक गट लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू). गण लक्षात ठेवण्याच्या 'यमाताराजभानसलगा' या सूत्रातील 'यमाता'चा क्रम हाच, म्हणून हा य गण. चार य गणांचे वृत्त भुजंगप्रयात, मात्रा २०. व्याकरणाची पुस्तके यतिस्थान (चरण म्हणताना थांबायची जागा) सहाव्या अक्षरावर देतात. इथे तसे थांबले तर 'भक्ति' मधोमध तुटते. म्हणताना कान पाचव्यावर, 'सज्जना'नंतरच थांबतो.

गट बसत नसेल तर आधी पाठ तपासावा. 'गमूं पंथ आनंत या राघवाचा' यात 'अनंत' असे 'शुद्ध' केले की दुसरा गट 'थ अ नं', म्हणजे ललगा होतो आणि चरण लंगडतो. वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची सवलत साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनीही कवीला दिली आहे. ती परस्पर काढून घेऊ नये. चरणाच्या शेवटचा लघूही गरजेनुसार गुरू धरतात.

लघु-गुरू क्रम प्रत्येक चरणात बदलतो, पण मात्रा सारख्या भरतात, अशी रचना जातीची (मात्रावृत्ताची). उदाहरणार्थ ८+८ मात्रांचे पादाकुलक. मात्राही जुळत नसतील तर नुसती अक्षरे मोजावीत. तुकारामांचे 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया' हे ६, ६, ६, ४ अक्षरांचे, म्हणजे मोठ्या अभंगाचे. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत : विटेवरी, कटावरी. 'मना सज्जना' या श्लोकात ते चारही चरणांना आहे : जावें, स्वभावें, द्यावें, करावें. यमक पाहताना उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) स्वरापासून पाहावे. इथे 'आवें' जुळते, नुसत्या 'वें'ने भागले नसते.

अभंग मोजताना हमखास चुकते ते 'ध्यान'पाशी. बोलताना आपण 'ध्यान्' म्हणतो, त्यामुळे पहिला चरण पाचाचा वाटतो. पद्यात हा शेवटचा 'न' पुरता उच्चारून मोजायचा असतो.